धुतलेले शिंपले

४ फेब्रुवारी

छोट्या,

तुझी निमंत्रणपत्रिका आली आणि माझं ताट तसंच राहिलं. अन्नावरची वासनाच उडाली. पन्नाशी ओलांडलीस, पोट सुटलं, इमारतीमागून इमारती बांधल्यास, तरी मी तुला छोट्याच म्हणते, कारण तू जे केलंयस ते परीक्षेत दुसऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्या पोराला शोभेल असं आहे.

पत्रिकेच्या मधोमध, सोनेरी वेलबुट्टीत, माझं वाक्य: "हे शिंपले शांत, उथळ खाडीतले दिसतात." 'दिसतात' मात्र तू खोडून 'आहेत' केलंस. त्याखाली माझी ओळख, "जगद्विख्यात शिंपलेतज्ज्ञ". अरे, मी एका संग्रहालयाच्या तळघरात दगड झालेल्या शिंपल्यांचे खण आवरणारी बाई. आमचा पहारेकरीसुद्धा मला रोज ओळखपत्र विचारतो! आणि सगळ्यात खाली तुझी स्वतःची भर: "हजारो वर्षं जिथं लाट उठली नाही, तिथं आपल्या आईवडिलांचा निवांत मुक्काम." ते वाचून मला शिसारी आली. असं मी कधी लिहिलं?

मी काय लिहिलं आणि का लिहिलं ते आठव. गेल्या वर्षी तू खोकंभर शिंपले पाठवलेस. सोबत चिठ्ठी: "जमीन कापताना निघाले, कुठले असतील गं?" मला वाटलं, चला, आयुष्यभर मातीवर काँक्रीट ओतणाऱ्या माणसाला एकदा तरी मातीबद्दल काही विचारावंसं वाटलं. त्या आनंदात दोन ओळी खरडल्या. त्या दोन ओळींवर तू वृद्धनिवास उभा करशील असं वाटलं असतं तर खोकं न उघडता परत केलं असतं.

पत्रिकेवर तुझ्या दालनाचा फोटो आहे. भिंतभर शिंपले चिकटवलेत आणि वरून चकचकीत लॅकर. भिंतीची लाळ गळतेय असं वाटतं. मध्येच एका मोठ्या शिंपल्यात दिवा आहे की माझ्या डोळ्यांचा दोष आहे?

आता सरळ विचारते, सरळ सांग. ते शिंपले जमिनीत कसे होते? फुटके होते का, आणि असतील तर कुठे गेले? माझ्यापर्यंत आले ते इतके स्वच्छ कसे होते? फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलून निसटतोस. लिही.

ताई

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचलं आणि हसलो. पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. मी तुझं नाव मोठं करायला गेलो आणि तू माझ्याच डोक्यावर मिरे वाटतेस. 'दिसतात' काय नि 'आहेत' काय, तुझ्यासारख्या बाईला दिसतं म्हणजे असतंच, असा माझा विश्वास. यात चिडण्यासारखं काय आहे?

दिवा आहे. डेकोरेटरची कल्पना. संध्याकाळी लावला की लोक फोटो काढतात.

शिंपले स्वच्छ कसे, हे तू विचारावंस? तुझी आत्या कशी आहे ते विसरलीस? आईनं बादलीतला चिखल पाहिला आणि "शी! हे पोरीला असं पाठवायचं?" म्हणून सगळं ताब्यात घेतलं. सोड्याच्या पाण्यात उकळलं, जुन्या टूथब्रशनं घासलं, टॉवेलवर वाळवलं. फुटकं-तुटकं बाजूला काढलं. धड आणि जोडीचे तेवढे आकारानुसार लावून खोक्यात भरले, उरलेले डेकोरेटरनं भिंतीला लावले. तुझ्यासाठी केलं गं तिनं. तू नोकरीला लागलीस तेव्हापासून ती शेजाऱ्यांना सांगते, "माझी भाची जुन्या समुद्राची डॉक्टर आहे."

जमिनीत कसे होते? स्वयंपाकघरामागे टेकाड कापलं तिथं भिंतीसारखा उभा काप निघाला. त्यात पांढरे पट्टे, एकावर एक तीन, मध्ये मध्ये काळी माती. केकसारखं. डेकोरेटर म्हणाला, हे काचेआड ठेवू आणि वरून उजेड सोडू. पण काळ्या मातीतून मुळांच्या कुजक्या दोऱ्यांसारखं काहीतरी लोंबत होतं. फार घाण दिसायचं. कामगारांना सांगून ते ओरबाडून काढलं.

आईची खोली तू बघायलाच हवीस. तळमजल्यावर, समुद्राकडे तोंड करून. तिच्या गुडघ्यांना आता एक पायरीही सोसत नाही. खिडकी किती उंचीवर घ्यायची ते ठरवायला मी स्वतः तिच्या पलंगावर आडवा झालो होतो. पडल्या पडल्या पाणी दिसलं पाहिजे, उठायला लागू नये. तिच्यासारखेच, पाय गेलेले, खाटेवर पडलेले असे सगळे तळमजल्यावर. धडधाकट लोक वर. म्हणून लिफ्टची गरजच पडली नाही.

उद्घाटन पुढच्या महिन्यात. फीत आई कापणार. तू ये, पण हसून ये.

छोट्या

१४ फेब्रुवारी

छोट्या,

हे पत्र दालनात दिवा लावून वाचत असशील तर तो आधी बंद कर.

मला सगळ्यात जास्त किळस आली ती माझीच. एवढी वर्षं विद्यार्थ्यांना बजावत आले, धुतलेला शिंपला म्हणजे अर्धा शिंपला, कुठे होता आणि शेजारी कोण होतं ते आधी विचारा. आणि भावानं खोकं पाठवलं तर मी काहीच विचारलं नाही.

आता ऐक. दोन झाकणांचा शिंपला मेला की त्याची झाकणं थोड्याच दिवसांत सुटतात आणि दोन दिशांना जातात. ती मिटलेली सापडली तर तो जिवंत असताना किंवा नुकताच मेलेला असताना गाडला गेला. मला आले ते सगळे मिटलेले, धड आणि खाडीच्या चिखलात राहणाऱ्या जातींचे. मला वाटलं, खाडी शांत होती, जिथं जगले तिथंच गाळाखाली गेले. पण आत्यानं न जुळणारे सगळे काढून टाकले होते! लग्नाच्या फोटोतून भांडणारे नातेवाईक कापून टाकायचे आणि मग म्हणायचं, किती एकदिलाचं घर आहे. तसं मी केलं.

तुला केक दिसला तिथं मला काय दिसतं ते सांगते. काळी माती म्हणजे जमीन. ज्या घाणेरड्या दोऱ्या तू ओरबाडून काढल्यास, ती मुळं. म्हणजे तिथं झाडंझुडपं उगवत होती. त्यावर पांढरा पट्टा म्हणजे त्या झाडाझुडपांवर समुद्र आला. मग पुन्हा जमीन झाली, पुन्हा मुळं रुजली, आणि पुन्हा समुद्र आला. आणि पुन्हा.

तो कसा आला, एवढंच मला ठाऊक नाही. हळूहळू चढून, बराच काळ राहून ओसरला असेल तर शिंपल्यांच्या कडा घासून गोल झालेल्या असतील, वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या. एका झपाट्यात आला असेल तर कडा धारदार असतील आणि खाडीतल्या शिंपल्यांबरोबर बाहेरच्या खोल समुद्रातले शिंपलेही असतील, ज्यांचं तिथं काही काम नाही. हे सगळं फुटक्या तुकड्यांवर लिहिलेलं असतं. धड शिंपले त्याबद्दल काही बोलत नाहीत.

मी पुढच्या आठवड्यात येते. काप उघडा ठेव, कोणाला हात लावू देऊ नकोस. आणि मी बघेपर्यंत तळमजल्यावर कुणाला झोपवू नकोस. आत्याला तर नाहीच.

ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

येऊ नकोस.

बघायला काही उरलेलं नाही. कापाची माती सुटत होती म्हणून पुढून सिमेंटची भिंत घातली. रंगही दिला. तुझं पत्र येण्याआधी ठरलं होतं की नंतर, या चौकशीत पडू नकोस.

मला आता तुझ्या या शहाणपणाचा वीट आलाय. आमच्या इंजिनिअरनं पाया तपासलाय. भूकंप झाला तरी इमारत तसूभर हलणार नाही, असं त्यानं लिहून दिलंय. आणि तू चार फुटक्या शिंपल्यांसाठी गळा काढतेस. अर्धं जग समुद्रकाठी राहतं गं. सगळ्यांना उठवून डोंगरावर नेणार आहेस का? तुझा तो समुद्र येऊन गेला तेव्हा लिहिता-वाचता येणारं माणूस तरी होतं का? एवढ्या जुन्या गोष्टीची आज धास्ती घ्यायची म्हणजे शिळ्या कढीला ऊत आणण्यातला प्रकार आहे.

खोल्या भरल्यात. लोकांनी आपली घरं सोडायची तयारी केली आहे. आईनं तर राहतं घर विकूनही टाकलं. आता तिला दुसरीकडे जागा नाही, हे नीट लक्षात घे. परवा मी तिला खोलीत नेलं. पलंगावर बसली, खिडकीतून बघितलं. मग चादरीवरून हात फिरवून म्हणाली, "धुळीचा कण नाही रे." तिच्याकडून एवढं कौतुक मी जन्मात ऐकलं नव्हतं.

तिला यातलं एक अक्षर लिहायचं नाही. तुला माझी शपथ आहे.

छोट्या

२३ फेब्रुवारी

ती. आत्यास,

तुझ्या मातीखाऊचा नमस्कार.

हे नाव तूच ठेवलंस आणि तूच अजून वापरतेस, म्हणून बाकी कुणाला ते कळू देत नाही. अंगणातली माती खाल्ली की तू मला पालथं धरून तोंड धुवायचीस, ते मला अजून आठवतं. त्या साबणाचा वास कुठे आला की मी अजून ओठ मिटून घेते.

तुझे गुडघे कसे आहेत? नवीन खोली छान आहे म्हणे. छोट्यानं खूप मनापासून केलेली दिसते.

एक छोटंसं काम होतं. तू ते शिंपले धुतलेस तेव्हा काही फुटके बाजूला काढलेस. ते कुठे टाकलेस? शिल्लक असतील तर हवे होते. आमच्या संग्रहालयात एक खण रिकामा आहे, म्हणून. बाकी विशेष काही नाही. आणि सापडले तर धुऊ नकोस हं.

प्रकृतीला जप.

तुझी मातीखाऊ

२८ फेब्रुवारी

चि. मातीखाऊ,

अनेक आशीर्वाद. अक्षर वाकडं आलं तर वाचून घे, बोटं आखडली आहेत.

फुटके मी टाकले नाहीत. मी काहीच टाकत नाही, तुझा भाऊ टाकतो. कोरफडीच्या कुंड्यांच्या तळाशी घातले, पाणी निचरायला बरे. वरून माती येणार, कोण बघतंय म्हणून धुतलेही नाहीत. चिखलासकट घातले. आता तू "धुऊ नकोस" लिहिलंस म्हणजे तुझी काहीतरी भानगड आहे. एक कुंडी उपडी केली, बाकीच्या तशाच ठेवल्या. शी, काय ती घाण! खालून गांडुळं निघाली. मी नाकाला पदर लावून सगळं एका पिशवीत भरलं, त्यावर दुसरी पिशवी घातली आणि खोक्यात घालून पाठवते आहे. हात साबणानं धुतले, पुन्हा धुतले, तरी नखांतून काळं जात नाही.

नवीन जागेचं म्हणशील तर खोली चांगली आहे. बाहेरचं दालन मात्र मला बघवत नाही. मी एवढे घासून पुसून ठेवलेले शिंपले त्या डेकोरेटरनं वार्निशात बुडवून ठेवलेत. हात लावला तर चिकट लागतो, आणि त्याला माश्या चिकटतात. एका शिंपल्यात बल्ब बसवलाय, त्यात तर मेलेला किडा पडलाय. मी छोट्याला म्हटलं तो काढ, तर म्हणतो, आई, ही कला आहे. कला कसली, कीड आहे ती.

आता तुझ्याबद्दल. लहानपणी तू माती खाऊन तोंड घट्ट मिटून उभी राहायचीस आणि मी विचारलं की मान हलवायचीस. या पत्रातही तू तशीच उभी आहेस. खण रिकामा आहे म्हणे! तुमचा एकही खण कधी रिकामा नसतो, तूच रडगाणं गात असतेस जागा नाही म्हणून. आणि छोट्या आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. दोघंही माझ्यापासून काहीतरी लपवताय.

तोंड उघड. माझ्या खोलीत समुद्र येईल का? हो की नाही ते लिही. माझ्या गुडघ्यांची काळजी तू करू नकोस, ते माझे आहेत.

आत्या

६ मार्च

ती. आत्यास,

छोट्यानं शपथ घातली होती. मोडते.

तुझी पिशवी उघडली तेव्हा तळघरभर तो वास पसरला. माझा मदतनीस तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला. मी मात्र कितीतरी वेळ वासासकट तिथंच बसले. एवढं खरं काहीतरी बऱ्याच दिवसांनी हातात आलं होतं.

तुकड्यांच्या कडा धारदार आहेत. माझं बोट कापलं, कागदावर लागलेलं रक्त पुसायचा प्रयत्न केलाय, किळस वाटून घेऊ नकोस. लाटांनी वर्षानुवर्षं लोळवलेला शिंपला असं कापत नाही. खाडीच्या शिंपल्यांबरोबर बाहेरच्या समुद्रातले आहेत, पातळ, नाजूक, सगळे चिंध्या झालेले. म्हणून तुला एकही धड सापडला नाही आणि माझ्या खोक्यात एकही आला नाही. खाडीतल्या एका अर्धवट उघड्या शिंपल्याच्या पोटात जाड वाळू ठासून भरलीय. तशी वाळू खाडीत नसते. ती बाहेरून आली, जोरात आली, आणि त्याच जोरात सगळ्यांना गाडून गेली.

वादळानं आली की समुद्राचा तळ हलल्यानं, ते एका कुंडीवरून मला सांगता येणार नाही. किती वर्षांपूर्वी, तेही प्रयोगशाळेतून कळेल. उद्या येईल की तुझ्या पणतवंडांच्या पणतवंडांच्या वेळी येईल, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण छोट्यानंच लिहिलं आहे, पट्टे तीन आहेत. जो पाहुणा पुन्हा पुन्हा येऊन गेलाय त्याला घर माहीत आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाला हो.

छोट्याचा इंजिनिअर म्हणतो इमारत हलणार नाही. मलाही तसंच वाटतं. इमारत उभी राहील आणि तळमजल्यावर जे पलंगावरून उठू शकत नाहीत ते सगळे पाण्याखाली जातील. ज्यांना पळता येतं त्यांना त्यानं वर ठेवलंय आणि ज्यांना येत नाही त्यांना खाली. हे त्यानं मायेनं केलं, तुझे गुडघे बघून केलं, हेच मला सहन होत नाही. मी चिडून त्याला काय काय लिहिलं, पण खिडकी ठरवण्यासाठी तो तुझ्या पलंगावर आडवा झाला होता, ते वाचून माझं अवसानच गेलं.

इमारत पाडा असं मी म्हणत नाही. झोपायच्या खोल्या वर न्या. खाली जेवणघर करा, वाचनाची खोली करा, टेकाडाकडे जाणारी एक सोपी वाट करा. लिफ्ट बसवा. माझं तो ऐकत नाही. तुझं ऐकेल का?

मातीखाऊ

१६ मार्च

ताई,

झालं तुझं समाधान?

काल उद्घाटन होतं. दालन भरलं होतं. खोल्या घेतलेली सगळी कुटुंबं, त्यांची म्हातारी माणसं चाकाच्या खुर्च्यांत. पांढरंशुभ्र टेबल, त्यावर तबक, तबकात कात्री. आईला पहिल्या खुर्चीवर बसवलं. तिच्या मांडीवर एक पिशवी होती. मला वाटलं, सवयीनं रुमाल आणि साबण घेऊन आली असेल.

फीत कापायला ती उठली आणि ती पिशवी त्या टेबलावर उपडी केली. काळा चिखल, फुटके शिंपले आणि त्यात एक जिवंत गांडूळ. जी बाई पाहुण्यांना पायपुसण्यावर दोनदा पाय पुसायला लावते, तिनं! सगळे मागे सरकले. कुणीतरी "शी" म्हणालं.

ती म्हणाली, "शी म्हणा, मीही म्हटलं होतं. हे इथल्याच स्वयंपाकघरामागून निघालं. भिंतीवर आहेत ते मी निवडलेले. आणि मी निवडून टाकले ते हे. माझ्या भाचीला मी फक्त धड पाठवले आणि तिनं तुम्हाला धड गोष्ट सांगितली. चूक तिची नाही आणि माझ्या मुलाचीही नाही. ती माझ्या टूथब्रशची आहे. आता समजलंय, तर तळमजल्यावर मी झोपणार नाही. तुम्ही आपल्या माणसांना झोपवायचं का, ते तुम्ही बघा."

मी तिला हळूच म्हटलं, "आई, खाली बस, लोक बघताहेत." तर तिनं माझा हात मनगटाला धरला आणि सगळ्यांसमोर त्या चिखलात दाबला. "धार बघ," म्हणाली. लहानपणी मला सांडपाण्यात खेळलो म्हणून मारायची तीच ही बाई. माझ्या नव्या सदऱ्याच्या बाहीवर काळे डाग पडले. एकेक करून सगळे आपापल्या माणसांच्या खुर्च्या ढकलत निघून गेले. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

मला तिची किळस आली, तुझी आली आणि माझ्या हाताचीही आली. इतकी वर्षं कमावलेलं सगळं एका कुंडीभर घाणीत गेलं. तुला माझ्याशी बोलायची इच्छा असेलही, मला नाही. यापुढे लिहू नकोस.

छोट्या

ता. क. एक विचारायचं राहिलं. कडा अजिबात झिजलेल्या नसतील तर ते सगळं गाडलं जायला किती वेळ लागला असं समजायचं? मी काल टेबल आवरताना बरेच तुकडे तपासले. एकाचीही कड गोल नाही.

२० मार्च

छोट्या,

काही तास. कदाचित त्याहून कमी. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पलंगावरून उठवून चप्पल शोधेपर्यंत.

ती सिमेंटची भिंत फोड.

ताई

११ एप्रिल

चि. मातीखाऊ,

अनेक आशीर्वाद.

वरच्या मजल्यावर आले. जिना चढताना अर्ध्यात बसावं लागतं, तेव्हा मी तुम्हा दोघांच्या नावानं बोटं मोडते. कठडा चिकट आहे, रंग वाळायच्या आत लोकांना हात लावू दिले. माझी खिडकी उंचावर आहे, पडल्या पडल्या फक्त आकाश दिसतं. समुद्र बघायचा तर उठावं लागतं. चालेल. तो मला बघत नाही ना, तेवढं पुरे.

खालच्या सगळ्या झोपायच्या खोल्यांना छोट्यानं स्वतः कुलूप लावलं. मी काही म्हटलं नव्हतं. अर्धी कुटुंबं गेली ती गेली, पण बाकीची परत येताहेत. येणारा प्रत्येक जण आधी मागच्या बाजूला जाऊन ते पट्टे बघतो, मग खोली बघतो. सिमेंटची भिंत छोट्यानं फोडली. मजूर होते, पण पहिला घण यानंच घातला. माझ्याशी अजून नीट बोलत नाही. जेवताना मीठ मागतो तेवढंच. दालनातला तो किड्याचा दिवा मात्र काढला.

आता लिफ्ट बसणार आहे. तिचा खड्डा माझ्या जुन्या खोलीच्या भिंतीला लागून खणला. तुला सांगायचं ते हे. परवा खड्ड्यात उतरलेला मजूर एकदम थांबला आणि त्यानं छोट्याला हाक मारली. छोट्या खाली उतरला, बुटांसकट, चिखलात. बराच वेळ वर आला नाही. मी वरून ओरडले, "काय आहे रे?" तर म्हणाला, "आई, मी ताईला तीन लिहिले होते. इथं अजून एक आहे." माझा पलंग जिथं ठेवला होता, बरोबर त्याच्या उशाखाली. तिथून तो वर आला तेव्हा त्याला मी पाय पुसायला सांगितलं नाही. तसाच माझ्या खोलीत आला आणि माझ्या धुतलेल्या चादरीवर बसला, आणि मी बसू दिलं.

त्या चौथ्या पट्ट्यातलं ढेकूळ त्यानं आपल्या हातानं काढून खोक्यात भरलंय, वरची बाजू कुठली ते खुणेचा बाण काढून. म्हणाला, ताईला हे लागतं. तुला लिहायची त्याला लाज वाटते म्हणून मी लिहिते.

खोकं जपून उघड. आतलं काही धुतलेलं नाही. खाऊ नकोस.

आत्या